पायवाट सोडून : घळीत भीड नको

दरवर्षी सहलीच्या नावनोंदणीचा निरोप गेला की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एक फोन येतोच. "बाराच का हो? आमची दोन सख्खी घरं मिळून सात माणसं आहोत, आम्हाला तोडू नका." यंदा सप्टेंबरात झायनच्या लेफ्ट फोर्कला जायचं ठरवलं, तर ३१ नावं आली. मग सुचवण्या सुरू झाल्या. दोन तुकड्या अर्ध्या तासाच्या अंतराने सोडू. वाटेत भेटलो तर एकमेकांना ओळख दाखवायची नाही, म्हणजे झालं. हे सुचवणारे गृहस्थ ऑफिसात नियमपालनाचंच खातं सांभाळतात, हे इथे मुद्दाम नोंदवते. शिवाय थालीपिठाचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी उघडल्यावर ओळख लपणार कशी, ते त्यांनी सांगितलं नाही.

झायनचा नियम असा आहे की एका घळीत एका दिवशी एका गटाची जास्तीत जास्त १२ माणसं. एकाच मंडळाची, एकाच कुटुंबाची किंवा मित्रमंडळींची दोन टोळकी करून तीच घळ त्याच दिवशी गाठणं त्यात बसत नाही. लेफ्ट फोर्कला तर दिवसाला एकूण ८० माणसांनाच परवाना मिळतो, तोही लॉटरीने. नव्या मंडळींना हा सरकारी खाक्या वाटतो. पण ज्यांनी सह्याद्रीत पावसाळी रविवारी एखाद्या धबधब्याच्या वाटेवर दोन-तीनशे माणसांची रांग पाहिली आहे, त्यांना यामागचं गणित समजायला वेळ लागू नये. पुरुषभर उंचीचा दगड उतरायचा आहे, एकेकाला पाच मिनिटं लागतात. बारा जणांना एक तास. असे तीन दगड असले की अर्धा दिवस संपला, आणि उन्हाळ्यात झायनचा उरलेला अर्धा दिवस भरवशाचा नसतो.

असो. १२ जणांची चिठ्ठी काढली, उरलेल्या १९ जणांनी एमराल्ड पूल्स आणि कॅन्यन ओव्हरलुक केलं, आणि त्यांना अधिक मजा आली असं ते अजूनही आम्हाला ऐकवतात.

लेफ्ट फोर्कचं खरं नाव लेफ्ट फोर्क ऑफ नॉर्थ क्रीक. लोक त्याला 'सबवे' म्हणून ओळखतात, कारण शेवटी ओढ्याने वालुकाश्मात अशी गोल नळी कोरली आहे की भुयारी रेल्वेच्या बोगद्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. तिथे जायचे दोन मार्ग. वरून उतरायचं तर दोर लागतात आणि थंडगार डोहांतून पोहावं लागतं. आम्ही खालून वर जाणार होतो. जाऊन-येऊन नऊ मैल, म्हणजे साडेचौदा किलोमीटर. ऐकायला काहीच नाही. पण सुरुवातीला कड्याच्या काठावरून सुमारे ४०० फूट घसाऱ्याची उतरण आहे, आणि एकदा ओढ्यात पोचलात की वाट संपते. पुढे आखलेली पायवाट नाही, रंगाचे बाण नाहीत, रेलिंग नाही. कधी डाव्या काठाने, कधी उजव्या, बरेचदा पाण्यातूनच. कुणीतरी दगडावर दगड रचून ठेवलेली खूण दिसते, ती बरोबर असेलच असं नाही. परत येताना जिथून उतरलो ती जागा ओळखून पुन्हा चढायचं असतं. त्यासाठी उतरल्या उतरल्या मागे वळून फोटो काढून ठेवायचा. ती जागा चुकून पुढे निघून गेलेल्यांचे किस्से त्या भागात पुष्कळ ऐकायला मिळतात.

वाटेत बघण्यासारखं पुष्कळ आहे. राखाडी चिखलदगडाच्या दोन-तीन मोठ्या तिरक्या शिळांवर डायनोसॉरच्या तीन बोटांच्या पावलांचे ठसे आहेत. आमच्यातल्या दहावीतल्या मुलाने आपला पाय त्या ठशाशेजारी ठेवून पाहिला आणि एकदाचे कानातले इअरफोन काढले. पुढे ओढा लाल पायऱ्या-पायऱ्यांवरून घरंगळत येतो, घाटावरून पाणी उतरावं तसा. त्याला आर्च एंजल कॅस्केड्स म्हणतात. सबवेच्या तळाशी पाण्याने गोल खड्डे कोरले आहेत. निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे पाहिलेल्यांना त्यांची ओळख पटवून द्यावी लागत नाही. फरक दगडाचा. आपला बेसॉल्ट काळा आणि कठीण, त्यातून पाणी वाट काढतं ते भेगांनी. इथला नवाहो वालुकाश्म म्हणजे जुरासिक काळातल्या वाळवंटाच्या टेकड्याच दगड झालेल्या. हातावर घासला तर वाळू सुटते. म्हणून तर त्यात इतक्या खोल आणि अरुंद घळी पडल्या.

आता मुद्द्याचं. या घळींना धोका असतो तो आपल्या डोक्यावरच्या पावसाचा नाही, मैलोन् मैल दूर, वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचा. ॲरिझोना-युटामध्ये जुलै ते सप्टेंबर जो वळवाचा पाऊस पडतो त्याला तिथले लोकही मान्सूनच म्हणतात. आपल्या मंडळींची तिथेच फसगत होते. मान्सून म्हटलं की आपल्याला हिरवंगार डोळ्यांपुढे येतं, कांदाभजी आठवते. तिथला मान्सून म्हणजे सकाळी निरभ्र निळं आकाश, दुपारी एका बाजूला काळा ढग, आणि वीस-पंचवीस मिनिटांची सर. उघड्या गुळगुळीत खडकावर माती नाही, गवत नाही, पाणी मुरायला जागा नाही. ते सगळं घळीत येतं. लोंढा पोचतो तेव्हा घळीत ऊन असू शकतं.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनात, पेजजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक असेच गेले. घळीपाशी पाऊस जवळजवळ नव्हताच. वादळ कित्येक मैल वर झालं होतं. आज आपण तिथे रांगेत उभे राहून प्रकाशाच्या झोतांचे फोटो काढतो, त्या वेळी दिसणाऱ्या लोखंडी जिन्यांचा संबंध त्या दिवसाशी आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जणांचा गट उतरला होता. सातही जण गेले. त्या दिवशी व्हर्जिन नदीच्या नॉर्थ फोर्कचं पाणी पंधरा मिनिटांत सेकंदाला ५५ घनफुटांवरून २,६०० घनफुटांच्या वर गेलं. घनफुटांचा अंदाज येत नसेल तर असं समजा की सेकंदाला दीड हजार लिटर वाहणारी नदी पाव तासात चौऱ्याहत्तर हजार लिटरवर गेली. नॅरोजमध्ये १५० घनफुटांनाच माणसांना आत सोडणं बंद करतात.

कीहोलच्या त्या गटाकडे रीतसर परवाना होता. हे वाक्य मी प्रत्येक सहलीच्या आधीच्या बैठकीत वाचून दाखवते, कारण परवाना हातात आला की आपल्याला वाटतं, कुणीतरी जबाबदार माणसाने 'जा' म्हटलं आहे. तसं कुणी म्हटलेलं नसतं. हवामान खातं रोज पुराची शक्यता चार पायऱ्यांत सांगतं: शक्यता नाही, आहे, बरीच आहे, येणारच. रेंजर ती पायरी आपल्याला सांगतो, धोके समजावतो आणि परवाना देतो. तोंडावर पुराचा इशाराच जाहीर झाला तर नॅरोज बंद करतात, पण एरवी जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवायचं. लेफ्ट फोर्कसारख्या ठिकाणी पैसे घेऊन वाटाडे नेण्याला उद्यानाची परवानगी नाही.

आपल्याकडची सवय वेगळी आहे. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हा पुणे जिल्ह्यात धबधब्यांवर आणि धरणांवर मनाई हुकूम निघाले. हुकूम किती पाळले जातात हा भाग वेगळा. पण 'नाही' कुणी म्हणायचं याचा आपल्या मनात एक नकाशा असतो. कलेक्टर म्हणेल, पोलीस शिट्टी वाजवेल, गावातला वाटाड्या म्हणेल. भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरीत उतरायचं असलं आणि साम्रदच्या माणसाने आभाळाकडे बघून मान हलवली, तर मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेला गटही मुकाट भाकरी-पिठलं खाऊन परततो. झायनमध्ये मान हलवणारा कुणी नाही. ती आपल्या बारा जणांतल्याच कुणीतरी हलवायची असते. आणि आपण मराठी माणसं तिथे अडकतो ते भीतीमुळे नाही, भिडेमुळे. सगळे एवढ्या लांबून आलेत, मी कसं मोडता घालू? हॉटेलचे पैसे भरलेत. मोठी माणसं पुढे चालली आहेत, त्यांना कळत नसेल का? भीड भिकेची बहीण असं आपली आजी म्हणायची. घळीत ती आणखी वाईट कुणाचीतरी बहीण आहे.

म्हणून आमच्या गटाचा एक नियम आहे. बारांतल्या कुणाही एकाने "मला पुढे जायचं नाही" म्हटलं की सगळ्यांनी फिरायचं. कारण विचारायचं नाही, समजूत काढायची नाही, मतदान घ्यायचं नाही, आणि त्या एकालाच मागे बसवून पुढे जायचं नाही. बैठकीत सगळे टाळ्या वाजवून मान्य करतात. कागदावर हा नियम फार सोपा आहे.

यंदा आमच्यात साताऱ्याचे एक काका होते. वय ६८, मुलीकडे तीन महिन्यांसाठी आलेले. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने, तोही हाताशी आजच्यासारखी साधनं नसताना चढलेले. सांदण तर त्यांनी तिथे जत्रा भरू लागण्यापूर्वी पाहिली आहे. सबवेचा फोटो त्यांनी कुठल्याशा कॅलेंडरवर पाहून वर्षानुवर्षं जपून ठेवला होता, आणि व्हिसाची मुलाखत झाल्या झाल्या मुलीला पहिलं वाक्य हे सांगितलं होतं की, मला डिस्नेलँड नको, तिथे ने. चिठ्ठीत त्यांचं नाव आलं तेव्हा ज्यांचं नाव आलं नाही त्यांनीही टाळ्या वाजवल्या. दुसरीकडे, मंडळात नवीनच आलेली एक मुलगी होती. दोन वर्षांपूर्वी शिकायला आलेली, आता नोकरीला लागलेली. पायवाट सोडून चालण्याची तिची ही पहिलीच वेळ.

त्या दिवशीची पायरी होती 'शक्यता आहे'. सप्टेंबरात ती बहुतेक दिवस असतेच. आम्ही पहाटे साडेसहाला उतरायला लागलो. साडेसहा म्हणजे युटाचे. कॅलिफोर्नियाच्या वेळेने उठलेल्या एका जोडप्याला गाडीतून अक्षरशः उचलून आणावं लागलं. दुपारी एक वाजता असू तिथून परत फिरायचं, हेही ठरलेलं. काका सगळ्यांत पुढे, काठी पाण्यात टेकवून खोली बघत, आणि दर दहा पावलांनी मागच्याला हात देत. त्यांची चाल बघून मला वाटलं, आपण यांना काय नेणार, हेच आपल्याला नेताहेत.

अकराच्या सुमारास लाल पायऱ्यांपाशी पोचलो. सबवे तिथून अर्ध्या तासाच्या आत. सगळे बसले, दशम्या निघाल्या, फोटो झाले. वर आकाशाची जी पट्टी दिसते ती स्वच्छ निळी. पाणी काचेसारखं. तेवढ्यात ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मला गडगडल्यासारखं ऐकू आलं."

कुणी म्हणालं विमान असेल. कुणी म्हणालं पायऱ्यांवरच्या पाण्याचाच आवाज आहे. आम्ही सगळे गप्प बसून कान देऊन ऐकलं. काही नाही. तिचा चेहरा लाल झाला. मला दिसत होतं की ती आता "असू दे, मला भास झाला असेल" म्हणणार. शब्द तिच्या ओठांवर आले होते. मग ती काकांकडे न बघता म्हणाली, "मला पुढे जायचं नाही."

कुणीच काही बोललं नाही. एकाने घड्याळाकडे पाहिलं, एकाने माझ्याकडे. बैठकीत सर्वांत जोरात टाळ्या वाजवणारे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे, नियम नियमच आहे, पण फक्त अर्धा तास..." मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. मी पिशवी पाठीवर घेतली. पण माझ्याआधी काका उठले होते. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, तिच्या पाठीवर थाप मारली, "चल बाळ, तू पुढे हो" म्हणाले आणि तिच्या मागून उतरू लागले. एकदा मात्र ते वळून वरच्या बाजूला बघत थांबले. किती वेळ, ते मी मोजलं नाही.

पूर आला नाही.

आम्ही चढणीच्या पायथ्याशी आलो तेव्हा ऊन रणरणत होतं. वर गाड्यांपाशी पोचलो तेव्हाही आकाश तसंच. उत्तरेला, पठाराच्या दिशेने एक पांढरा ढग होता, तो काळा झाला नाही. रात्री स्प्रिंगडेलमध्ये तारे इतके स्वच्छ दिसत होते की राग यावा. आणि काहींना आलाच. जेवताना एकजण म्हणाले की, असा नियम असला तर सर्वांत भित्रा माणूसच गट चालवणार. हा आक्षेप खोटा नाही, म्हणून इथे लिहिते. एका कुटुंबाने परत आल्यावर आमच्या गटातून नाव काढून घेतलं. ते आता वेगळ्या मंडळींबरोबर जातात. त्यांनी नंतर सबवेचे फोटो पाठवले, सुंदर आहेत.

माझं मत तरीही बदललेलं नाही. पूर आला नाही यावरून ढग नव्हता हे सिद्ध होत नाही, आणि ढग होता की नव्हता हे त्या घळीच्या तळाशी उभं राहून बारांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. तिथे आपल्याकडे होता तो एका माणसाचा कान, एवढाच पुरावा. आणि पुढच्या वेळी खरंच गडगडेल तेव्हा ते ऐकणाऱ्याने यंदाची जेवणाच्या टेबलावरची चर्चा आठवून तोंड मिटून घेतलं, तर मग हा नियम कशाला हवा? त्या मुलीने परतीच्या गाडीत तीनदा माफी मागितली. तिसऱ्यांदा काकांनी तिला सांगितलं की साम्रदचा एक म्हातारा वाटाड्या 'नाही' म्हणताना कधी कारण देत नसे, आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. मग ते झोपले, किंवा डोळे मिटून बसले. तीन दिवसांनी ते भारतात परत गेले. मुलीच्या घरी ते कॅलेंडरचं पान फ्रिजवर लावलेलं आहे, असं ती सांगत होती.

भारतातून आई-बाबा येणार असतील आणि त्यांना घेऊन असं कुठे जायचं असेल, तर थोडं कामाचं. जून हा झायनचा सर्वांत कोरडा महिना. उकाडा भयंकर असतो, पण पुराचा धोका जुलै-ऑगस्टच्या मानाने पुष्कळ कमी. वसंतात बर्फ वितळून पाणी वाढलेलं असतं, हे नॅरोजच्या बाबतीत विशेष पाहायचं. ओढ्यात चालण्याचे खास बूट आणि निओप्रीनचे मोजे स्प्रिंगडेलच्या दुकानांत भाड्याने मिळतात. ते घ्याच, घरचे जुने स्पोर्ट्स शूज चालतील असं समजू नका. सुती कपडे नकोत, ओले झाले की सावलीत हुडहुडी भरते. पाणी घरून न्या. २०२० पासून तिथल्या ओढ्यांत विषारी शेवाळासारखा जिवाणू सापडतो आहे, गाळूनही ते पाणी पिऊ नये आणि डोकं बुडवू नये. फोनला रेंज नसते. गटात एक तरी उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र असावं. आणि मुक्कामी राहिलेल्या कुणाला तरी परतीची वेळ लिहून द्यावी. ब्लूजॉन कॅन्यनमध्ये २००३ साली दगडाखाली हात अडकलेल्या ॲरन राल्स्टनचा सिनेमा सगळ्यांनी पाहिला आहे. कुठे जातोय हे तो कुणालाच सांगून गेला नव्हता, हे मात्र हात कापण्याच्या प्रसंगापुढे विसरलं जातं.

पुढच्या वर्षी जूनचा पहिला पंधरवडा धरून लॉटरीत नाव घालणार आहोत. सहा-सहाच्या दोन तुकड्या, दोन वेगळ्या दिवशी. म्हणजे दगड उतरायला अर्धाच वेळ लागेल. त्या मुलीने नाव दिलं आहे. साताऱ्याहूनही निरोप आला: व्हिसा दहा वर्षांचा आहे, गुडघे किती वर्षांचे ते डॉक्टरांना विचारून कळवतो. नोंदणीचा निरोप संक्रांतीनंतर येईल. सख्ख्या दोन घरांच्या सात जणांनी आपसांत आधीच ठरवून ठेवावं की त्यांतला सातवा कोण.